कोपऱ्यावरचा खेळाडू

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात वेलचेरी नावाचे उपनगर आहे. एके काळी येथे तळे होते, भाताची खाचरे होती आणि त्यांच्या पलीकडे पळ्ळिकरणैची विस्तीर्ण पाणथळ जमीन होती. ईशान्य मोसमी पाऊस कोसळू लागला की भोवतालचे जादा पाणी ही जमीन मुकाट्याने आपल्या पोटात घेत असे. तिच्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. तिचे काम नीट पार पडले की काहीच घडत नसे. पुढे वस्ती वाढली, तळे आक्रसले, पाणथळ जमिनीचा फार मोठा भाग भराव घालून बुजविण्यात आला. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईवर महापूर आला, तेव्हा वेलचेरीच्या रस्त्यांवरून होड्या चालवाव्या लागल्या. ज्याने आजवर संकट थोपवून धरले होते त्याची किंमत लोकांना तो नाहीसा होत आल्यावर कळली.

अशा ठिकाणी बचावाचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही. येथे विचार करावयाचा आहे तो मात्र खेळातील बचावाचा. तामिळनाडूतील इतर वस्त्यांप्रमाणे वेलचेरीच्या परिसरातही ज्या खेळाला मोकळी जमीन, दोन रेघा आणि चौदा माणसे एवढेच साहित्य पुरते, तो खेळ म्हणजे कबड्डी. तमिळ भाषेत त्याचे जुने नाव सडुगुडु. महाराष्ट्रात मागच्या पिढ्यांनी त्यालाच हुतूतू म्हटले. नव्याने खेळू लागलेल्या मुलांना ‘चढाईला कोण जाणार?’ असे विचारले असता सर्वांचे हात वर होतात. ‘कोपऱ्यावर कोण उभा राहणार?’ असे विचारले असता मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ही गोष्ट चेन्नईत जशी खरी आहे, तशीच ती मुंबईत आणि सांगलीतही खरी आहे. मुलांच्या या संकोचाचे कारण काय, आणि जे खेळाडू हे स्थान आपखुशीने पत्करतात व वर्षानुवर्षे सोडत नाहीत, त्यांना त्यात कोणते समाधान लाभते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

मैदान आणि माणसे

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन समान भाग होतात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते व तिच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना १ मीटर रुंदीचे राखीव क्षेत्र असते. चढाई करणारा व बचाव करणारा यांचा परस्परांना स्पर्श होईपर्यंत तेथे पाऊल टाकण्यास मनाई असते. चढाईपटू ‘कबड्डी’ या शब्दाचा अखंड उच्चार करीत प्रतिपक्षाच्या भागात शिरतो. त्याच्या हाती ३० सेकंद असतात. तेवढ्या अवधीत त्याने कोणाला तरी शिवून परत यावे किंवा निदानपक्षी निदान रेषा ओलांडून सुखरूप परतावे, अशी अपेक्षा असते.

त्याच्या समोर सात जण असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, मध्याच्या दोहो बाजूंना दोन मध्यरक्षक आणि त्यांना जोडणारे इतर तिघे. हे सात जण सुटे नसतात. कोपऱ्यावरचा खेळाडू आपल्या शेजाऱ्याचा हात धरतो, मध्यरक्षक आपापल्या जोडीदाराचा. अशा रीतीने साखळी तयार होते. नवख्या प्रेक्षकाला हातात हात घेऊन मागे-पुढे सरकणारी ही माणसे काहीशी निष्क्रिय वाटतात. सारे कर्तृत्व एकट्या शिरलेल्या वीराचे आहे, असा त्याचा समज होतो. गुणफलकही या समजाला दुजोराच देतो.

असे विषम वाटप केवळ आपल्याच खेळात आहे असे नाही. अमेरिकेत शिकागो येथे १९३५ साली लिओ सेल्ट्झर यांनी सुरू केलेला आणि चालू शतकाच्या आरंभी टेक्सासमधील ऑस्टिन शहरातील स्त्रियांनी नव्याने उभा केलेला ‘रोलर डर्बी’ हा चाकांच्या बुटांवरील खेळ घ्या. त्यात प्रत्येक संघाचे पाच खेळाडू लंबवर्तुळाकार मार्गावर धावतात. पाचांपैकी एकीच्या शिरस्त्राणावर तारा असतो. तिला जॅमर म्हणतात. प्रतिपक्षाच्या खेळाडूंना मागे टाकून गुण मिळविण्याचा अधिकार तिचा एकटीचा. उरलेल्या चौघी ब्लॉकर. खांद्याला खांदा लावून त्या समोरच्या जॅमरची वाट अडवितात आणि आपल्या जॅमरला वाट करून देतात. एक डाव फार तर दोन मिनिटांचा असतो. त्या दोन मिनिटांत ब्लॉकरने कितीही धक्के सोसले, तरी तिच्या नावावर एकही गुण जमा होत नाही. ताऱ्यावर खिळलेली प्रेक्षकांची दृष्टी भिंतीकडे क्वचितच वळते. कबड्डीतील साखळी आणि ही भिंत यांचे नाते उघड आहे.

चुकीची किंमत

बचावपटूचे काम का अवघड आहे, हे समजण्यासाठी दोन चुकांची तुलना करावी. चढाईपटू काहीही न मिळविता निदान रेषा ओलांडून परत आला, तर त्याच्या संघाचे तत्काळ काही नुकसान होत नाही. उलट, बचावपटूने पकड आरंभली आणि ती निसटली, तर तो स्वतः बाद होतो. त्याच्या मदतीला धावलेल्या ज्या ज्या खेळाडूचा चढाईपटूला स्पर्श झाला, तोही बाद होतो. एका घाईपायी दोन-तीन गुण जातात, आणि मैदानात तेवढी खिंडारे पडतात. सातही जण बाद झाले तर लोण चढतो आणि प्रतिपक्षाला आणखी दोन गुण मिळतात.

म्हणूनच चांगल्या बचावपटूचा पहिला गुण बळ नव्हे, संयम होय. समोर आलेले सावज सोडून देणे त्याला जमले पाहिजे. चढाईपटू मुद्दाम हात पुढे करतो, पाय लांबवितो, पाठ फिरविल्यासारखे करतो. हे सारे आमिष असते. कोपऱ्यावरचा जाणता खेळाडू त्याच्या हातांकडे पाहत नाही, तो कमरेकडे पाहतो. हात फसवितात, डोळे फसवितात. पण शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, हे कंबर लपवू शकत नाही. भार ज्या पायावर असेल तो पाय त्या क्षणी उचलता येत नाही. घोटापकडीची वेळ तीच.

एक चढाई, दुसरी आणि तिसरी

आता एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. सामना संपण्यास थोडा अवधी उरला आहे. दोन्ही संघांचे गुण समान आहेत. प्रतिपक्षाचा सर्वांत तरबेज चढाईपटू आत येतो.

पहिल्या चढाईत तो डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. कोपरारक्षक अर्धे पाऊल मागे जातो. ज्याने त्याचा हात धरला आहे तो शेजारीही त्याच क्षणी तितकाच मागे सरकतो. चढाईपटू पाय फेकतो, तो चार बोटे कमी पडतो. तो निदान रेषा ओलांडून परततो. गुण शून्य.

मध्ये आपल्या संघाची चढाई होते. तो पुन्हा येतो. या खेपेस उजवीकडे. उजवा मध्यरक्षक एकदम पुढे येण्याचा आव आणतो. चढाईपटू दचकून मध्याकडे वळतो, तेथे कोणीच हाती लागण्याजोगे नसते. वेळ संपत येते. तो परततो. पुन्हा शून्य.

आजच्या नियमांप्रमाणे एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या, तर तिसरीत गुण मिळविणे सक्तीचे होते. न मिळाल्यास चढाईपटू बाद. आता त्याला खोल शिरणे भाग आहे. तो डाव्या कोपऱ्यावर चालून जातो, भार उजव्या पायावर येतो, आणि त्याच क्षणी कोपरारक्षक शेजाऱ्याचा हात सोडून त्याच्या घोट्यावर झेपावतो. चढाईपटू बलवान आहे. तो पाय ओढीत मध्यरेषेकडे सरकू लागतो. इतक्यात मध्यरक्षक त्याच्या वाटेवर छाती आडवी घालतो. दुसरा कंबर धरतो. उरलेले येऊन पडतात. त्याचा दम तुटतो आणि पंचाची शिटी वाजते.

गुणलेखक एक गुण लिहितो. पकडीच्या कोष्टकात तो एकाच खेळाडूच्या नावावर चढतो. परंतु ही पकड वस्तुतः तिसऱ्या चढाईत झालेली नाही. तिची सुरुवात पहिल्या चढाईतील त्या अर्ध्या पावलापासून झाली होती. त्या अर्ध्या पावलाची नोंद कोठेही नाही. दुसऱ्या चढाईत मध्यरक्षकाने केलेल्या आविर्भावाचीही नाही. चढाईपटूची वाट अडवून ज्याने त्याच्या धडकेचा मार छातीवर घेतला, त्याचे नावदेखील त्या दिवशीच्या कागदावर असेलच असे नाही.

आणखी एक लाभ प्रेक्षकांच्या ध्यानात सहसा येत नाही. कबड्डीचे तीन जुने प्रकार प्रसिद्ध आहेत : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला खेळाडू सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात बाद झालेलाही मैदान सोडत नसे, फक्त गुण मोजला जाई. आजचा खेळ संजीवनी प्रकाराच्या तत्त्वावर उभा आहे. प्रतिपक्षाचा एक खेळाडू बाद केला की आपला एक खेळाडू जिवंत होऊन परत येतो. म्हणजे प्रत्येक यशस्वी पकडीने संघात एका माणसाची भर पडते. हा नियम माहीत असलेला बचावपटू आपल्या बाहेर बसलेल्या सहकाऱ्यासाठी झुंजत असतो.

समाधान कशाचे?

गुण दुसऱ्याचे, टाळ्या दुसऱ्याला, आणि सुजलेली बोटे व सोललेले गुडघे मात्र आपले, असा व्यवहार असताना या स्थानावर कोणी का उभे राहावे?

पहिले उत्तर ज्ञानाचे आहे. चढाईपटूला आपले मन ठाऊक असले की पुरते. बचावपटूला दुसऱ्याचे मन वाचावे लागते. एखादा खेळाडू दम घेताना कोठे अडखळतो, कोणत्या बाजूने वळणे त्याला सोयीचे पडते, दमल्यावर तो कोणती लकब पुन्हा पुन्हा वापरतो, याचा हिशेब तो मनात ठेवीत असतो. हा हिशेब बरोबर निघाल्याचा आनंद गणित सुटल्याच्या आनंदासारखा असतो. तो टाळ्यांवर अवलंबून नसतो.

दुसरे उत्तर सोबतीचे आहे. साखळीत धरलेला हात हे बोलण्याचे साधन असते. बोट किंचित आवळले तर ‘थांब’, सैल झाले तर ‘मी निघालो’. हे संकेत कोणी शिकवीत नाही, एकत्र सराव करता करता ते आपोआप जुळतात. व्यावसायिक लीगच्या दुसऱ्या हंगामात, २०१५ साली, यू मुंबा संघाने अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्सचा ३६-३० असा पराभव करून विजेतेपद मिळविले. त्या संघात मध्यरक्षकांच्या जागी तामिळनाडूचा जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने हे होते. कोपऱ्यांवर मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा. एकाची मातृभाषा तमिळ, दुसऱ्याची मराठी, तर कोपऱ्यांवरचे दोघे उत्तरेकडचे. त्यांच्यातील खरी भाषा या साखळीची होती. त्या हंगामाची आठवण निघाली की लोक कर्णधार अनुप कुमारच्या चढायांविषयी बोलतात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्या चढाया निर्धास्तपणे करता आल्या, कारण मागे ही चौकट शाबूत होती.

तिसरे उत्तर टिकाऊपणाचे आहे. चढाईला वेग लागतो, आणि वेग वयाबरोबर ओसरतो. बचावाची जाण वयाबरोबर पिकते. तंजावर जिल्ह्यातील धर्मराज चेरलातन याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कोपऱ्यावर खेळणाऱ्या या खेळाडूने चाळिशी ओलांडल्यावर, २०१६ साली, पाटणा पायरेट्सचे नेतृत्व करून लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी अहमदाबाद येथे झालेल्या विश्वचषक स्पर्धेत तो भारतीय संघात होता. अंतिम सामन्यात भारताने इराणला ३८-२९ असे हरविले. तो सामना स्मरणात राहिला अजय ठाकूरच्या १२ गुणांमुळे. ज्या वयात चढाईपटू बहुधा मैदान सोडून गेलेले असतात, त्या वयात हा कोपरारक्षक आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या तरुणांचे घोटे धरीत होता.

चौथे उत्तर सांगण्यास सर्वांत कठीण आहे. निष्फळ ठरलेली चढाई ही बचावपटूची खरी निर्मिती होय. तीस सेकंद संकट समोर उभे होते. ते आले तसे परत गेले. काही घडले नाही. घडू दिले नाही म्हणून घडले नाही, हे त्या सात जणांनाच ठाऊक असते. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गेल्यावर कोपरारक्षक आणि त्याचा शेजारी एकमेकांकडे क्षणभर पाहतात व पुन्हा हात धरतात. त्या दृष्टिभेटीत मिळते तेवढी दाद त्यांना पुरते.

नोंद नसलेले काम

तथापि या समाधानाचे गोडवे गाऊन थांबणे अन्यायाचे होईल. कीर्तीची हाव नसणे हा गुण आहे. पण अनेक कबड्डीपटूंच्या बाबतीत प्रश्न केवळ कीर्तीचा नसतो, पोटाचा असतो.

हा खेळ श्रमिकांच्या वस्त्यांत वाढला. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्याच्या नियमांना छापील रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो परदेशी प्रेक्षकांना दाखविला. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाल्यानंतर पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली ती मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईतच. महाराष्ट्रात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला शिस्त दिली, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून त्यात पदके दिली जाऊ लागली. या साऱ्या वाटचालीत गिरणगावातील चाळींतून आणि कावेरीकाठच्या खेड्यांतून आलेल्या असंख्य मुलांना या खेळाने एक गोष्ट दिली : रेल्वे, पोलीस, बँका, बंदरे यांच्या संघांतील जागा, आणि त्या जागेबरोबर कायमची नोकरी. घरात पहिला पगार कबड्डीने आणला, अशी कुटुंबे दोन्ही राज्यांत आढळतात.

आता निवड करणाऱ्यासमोर जो कागद येतो, त्यावर काय असते? चढाईचे गुण आणि पकडीचे गुण. या दोन आकड्यांची जातच निराळी आहे. व्यावसायिक लीगमध्ये प्रदीप नरवालसारख्या चढाईपटूने आपल्या कारकिर्दीत दीड हजारांहून अधिक गुण केले. पकडीत मात्र इराणच्या फझल अत्राचलीसारख्या अव्वल कोपरारक्षकाने चारशेचा टप्पा ओलांडला, तोच विक्रम ठरला. आणि ही झाली पकडीच्या मोजता येणाऱ्या गुणांची गोष्ट. ज्याने साखळी मोडू दिली नाही, ज्याच्यामुळे दहा चढाया रिकाम्या गेल्या, त्याचा रकाना कोराच राहतो. असा मुलगा निवडीतून गळला, तर त्याला ‘समाधान हेच फळ’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय.

यावर उपाय अवघड नाही. चार सामन्यांत चार प्रकारच्या नोंदी ठेवण्याइतकी चिकाटी मात्र हवी. प्रतिपक्षाच्या किती चढाया निष्फळ गेल्या. त्या वेळी मैदानात कोण कोण होते. पकड सुरू करणारा कोण आणि वाट अडविणारा कोण. घाई करून बाद होणारा कोण. एवढ्या नोंदी पाटीवर लिहिल्या तरी कोऱ्या रकान्यांत माणसे दिसू लागतात. सामान्यतः असे आढळते की एखादा विशिष्ट मुलगा मैदानात असला की रिकाम्या चढायांची संख्या वाढते, आणि तो बाहेर बसला की घटते. तो मुलगा संघाचा कणा असतो, मग त्याच्या नावावर गुण असोत वा नसोत.

मार्गदर्शकाचे आणखी एक कर्तव्य आहे. चढाईपटूच्या पाठीवर थाप मारण्यापूर्वी त्याने सर्वांसमक्ष विचारावे, ‘मघाची ती चढाई रिकामी कोणामुळे गेली?’ मुले सुरुवातीला गप्प राहतात. मग एक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. हे बोट दाखविणे ज्या संघाला जमले, त्या संघाला कोपऱ्यावर उभा राहणारा खेळाडू शोधत हिंडावे लागत नाही.

पाहणाऱ्यासाठी

कबड्डी पाहण्याची सवय बदलणे प्रेक्षकाच्याही हाती आहे. पुढच्या सामन्याच्या वेळी त्याने एक प्रयोग करून पाहावा. पाच चढाया होईपर्यंत चढाईपटूकडे पाहूच नये. डाव्या कोपऱ्यावरच्या एकाच खेळाडूवर नजर ठेवावी. तो केव्हा मागे सरतो, केव्हा नुसता गुडघ्यात वाकतो, कोणाचा हात धरतो आणि केव्हा सोडतो, हे पाहावे. पहिल्या दोन चढायांत कंटाळा येईल. तिसरीपासून दिसू लागेल की मैदानातील सर्वांत गतिमान माणूस जिकडे जातो, तिकडे तो आपल्या मर्जीने जातोच असे नाही. पुष्कळदा त्याला तिकडे नेले जाते.

वेलचेरीच्या रहिवाशांना पाणथळ जमिनीचे महत्त्व पुराने शिकविले. पळ्ळिकरणैचा जो भाग शिल्लक राहिला, त्याला २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. पुष्कळ गमावल्यानंतर का होईना, त्याची नोंद झाली. संघाने मात्र पुराची वाट पाहू नये. सामना चालू असतानाच, काहीही घडले नाही अशा त्या तीस सेकंदांनंतर, कोपऱ्याकडे एकवार पाहावे. तेथे उभा असलेला खेळाडू पुन्हा शेजाऱ्याचा हात धरीत असेल.